साक्ष, प्रश्न आणि प्रेक्षक : 'राम के नाम' आणि जमातवादविषयक माहितीपटांचे स्वरूप

प्रास्ताविक

धार्मिक मूलतत्त्ववाद आणि हिंदू-मुस्लिम संघर्ष यांसंबंधी भारतात गेल्या चार दशकांत विपुल लेखन झाले. इतिहास, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या ज्ञानशाखांनी जमातवादाची कारणमीमांसा केली. कथा-कादंबरीने त्याच्या मानवी परिणामांचे चित्रण केले. या दोहोंच्या तुलनेत माहितीपट या माध्यमाची समीक्षा मात्र मराठीत अत्यल्प आहे. माहितीपट म्हणजे चित्रांकित माहिती किंवा एखाद्या मताचा पुरस्कार, असे समजून त्याचा विचार प्रायः आशयापुरताच केला जातो. दिग्दर्शकाचे मत मान्य असेल तर माहितीपट 'धाडसी' ठरतो, अमान्य असेल तर 'एकांगी'. दोन्ही अभिप्रायांत त्या कृतीच्या रचनेचा विचार राहून जातो.

आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' (१९९२) हा माहितीपट केंद्रस्थानी ठेवून, मूलतत्त्ववादाला विरोध करणारा माहितीपट आपला परिणाम नेमका कशाच्या बळावर साधतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. असा माहितीपट प्रतिपक्षाला निरुत्तर करतो तेव्हा तो यशस्वी झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे सामर्थ्य अन्यत्र असते. श्रद्धेच्या आत राहून धर्मांधतेला नकार देणाऱ्या माणसाची साक्ष तो जेव्हा नोंदवतो, तेव्हाच तो आपले खरे कार्य करतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

माहितीपटाची परंपरा आणि निवेदकाचा आवाज

स्वतंत्र भारतात माहितीपट प्रथम शासनाच्या आश्रयाने वाढला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट आणि माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे सक्तीचे होते. धरणे, कारखाने, कुटुंबनियोजन, राष्ट्रीय एकात्मता हे त्यांचे विषय. पडद्यावर न दिसणाऱ्या निवेदकाचा भारदस्त, सर्वज्ञ आवाज हे त्यांचे वैशिष्ट्य होते. चित्रातील माणसे क्वचितच बोलत. त्यांच्याविषयी निवेदक बोलत असे. राष्ट्रीय एकात्मतेचा संदेशही याच आवाजात दिला जाई. त्यामुळे वेगवेगळ्या धर्मांची माणसे हातात हात घालून चालताना दिसत, परंतु ती परस्परांविषयी काय विचार करतात हे कधी ऐकू येत नसे.

आणीबाणीच्या काळात आणि त्यानंतर उदयास आलेल्या स्वतंत्र माहितीपटाने या आवाजालाच आव्हान दिले. मुंबईतील झोपडपट्टीवासीयांवरील 'हमारा शहर' (१९८५) या पटवर्धनांच्या माहितीपटात ज्यांच्याविषयी बोलले जाते ती माणसे स्वतः बोलू लागली. ही पद्धती त्यांनी पुढे धार्मिक मूलतत्त्ववादाच्या विषयाकडे वळविली. पंजाबमधील शीख आणि हिंदू मूलतत्त्ववादाच्या पार्श्वभूमीवर भगतसिंगांच्या वारशाचा शोध घेणारा 'उन्हाँ मित्राँ दी याद प्यारी' (१९९०), अयोध्येवरील 'राम के नाम' आणि पुरुषत्वाची कल्पना व धार्मिक हिंसा यांचा संबंध तपासणारा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' (१९९५) हे तीन माहितीपट मिळून एक मालिका होते. पटवर्धनांना केवळ एकाच धर्माचा मूलतत्त्ववाद दिसतो, या आक्षेपाचे उत्तर या मालिकेतच मिळते.

'राम के नाम' : काळ आणि रचना

माहितीपटाचा काळ १९९० च्या उत्तरार्धाचा आहे. ७ ऑगस्ट १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मंडल आयोगाच्या शिफारशींची अंमलबजावणी जाहीर केली. २५ सप्टेंबरला लालकृष्ण अडवाणी यांची रथयात्रा सोमनाथहून अयोध्येकडे निघाली. २३ ऑक्टोबरला बिहारमधील समस्तीपूर येथे त्यांना अटक झाली. ३० ऑक्टोबरला बंदी मोडून कारसेवक बाबरी मशिदीच्या परिसरात शिरले आणि पोलिसांच्या गोळीबारात काही जण मृत्युमुखी पडले. मशीद पाडली गेली ती यानंतर दोन वर्षांनी, ६ डिसेंबर १९९२ रोजी. माहितीपट तत्पूर्वीच पूर्ण झाला होता. त्याच्या समीक्षेत हा कालक्रम महत्त्वाचा आहे. घटना घडून गेल्यावर तिचा अर्थ लावणारी ही कृती नव्हे. ती घटनेच्या आधीची आहे.

रचनेच्या दृष्टीने येथे दोन प्रवाह समांतर चालतात. एका प्रवाहात रथ, सभा, घोषणा आणि नेत्यांची भाषणे आहेत. दुसऱ्यात अयोध्या व तिच्या परिसरातील सामान्य माणसे आहेत. शेतमजूर, दलित, मुसलमान रहिवासी आणि मंदिरांतील पुजारी यांच्याशी कॅमेरा सावकाश बोलतो. पहिल्या प्रवाहात भाषा वक्तृत्वाची आहे, दुसऱ्यात संभाषणाची. सभेत वक्ता श्रोत्यांचे उत्तर आधीच गृहीत धरतो. संभाषणात उत्तर काय येईल हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. संकलनाने हे दोन प्रवाह एकमेकांशेजारी ठेवले आहेत आणि माहितीपटाचा बराचसा युक्तिवाद निवेदनापेक्षा या शेजारातूनच निर्माण होतो. मंदिराच्या आंदोलनाविषयी विचारले असता ज्यांना गावातील जातिव्यवस्थाच अधिक जवळची वाटते, अशा माणसांचे बोलणे रथयात्रेच्या दृश्यांलगत आल्यावर मंडल आणि मंदिर यांचा परस्परसंबंध वेगळा स्पष्ट करून सांगावा लागत नाही.

रामजन्मभूमीवरील वादात डिसेंबर १९४९ मधील घटना कळीची आहे. २२ व २३ डिसेंबरच्या मधल्या रात्री मशिदीत मूर्ती आल्या. आंदोलनाच्या प्रचारात हे प्रकटीकरण चमत्कार म्हणून मांडले जात होते. माहितीपटात मात्र मूर्ती ठेवण्याच्या त्या कृतीत आपला सहभाग होता, असे एक महंत स्वतःच सांगतात. येथे दिग्दर्शक चमत्काराचे खंडन करीत नाही. सांगणाऱ्याच्या आवाजात पश्चात्ताप नाही, लपवाछपवीही नाही. आणि म्हणूनच ती साक्ष विश्वसनीय वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिलेल्या निकालात वादग्रस्त जागा मंदिरासाठी दिली. त्याच निकालात १९४९ मध्ये मूर्ती ठेवून मुसलमानांना तेथून दूर केले जाणे आणि १९९२ मध्ये मशीद पाडली जाणे, या दोन्ही गोष्टी बेकायदेशीर होत्या असेही नमूद केले. तिसाहून अधिक वर्षांनंतर हा माहितीपट पाहताना ही बाब लक्षात ठेवावी लागते.

प्रश्न विचारण्याच्या दोन रीती

पटवर्धनांच्या पद्धतीचा गाभा प्रश्न हा आहे. कॅमेऱ्यामागून येणारा त्यांचा आवाज साधा, काहीसा निरागस वाटणारा असतो. 'राम के नाम'मध्ये या प्रश्नाची दोन वेगळी रूपे आढळतात आणि त्यांतील भेद समीक्षकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

पहिले रूप कारसेवेसाठी आलेल्या तरुणांशी झालेल्या संवादात दिसते. रामाचा जन्म कोणत्या काळी झाला, असे विचारले जाते. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणालाही त्याचे उत्तर देता येत नाही. माहितीपटाच्या प्रदर्शनात या प्रसंगी प्रेक्षक हमखास हसतात. प्रश्न गैरलागू नाही. जन्मस्थान म्हणून एका विशिष्ट जागेवर ऐतिहासिक दावा सांगितला गेला असेल, तर काळाचा प्रश्न दावेदारांनीच ओढवून घेतलेला असतो. तथापि हा प्रश्न दाव्याची जुळणी करणाऱ्या नेत्यांना न विचारता, त्यांच्या हाकेला ओ देऊन आलेल्या मुलाला विचारला गेला आहे. त्याचे अज्ञान उघडे पडते, त्याची प्रेरणा मात्र उघड होत नाही. तो घर सोडून इतक्या दूर का आला, त्याला तेथे काय मिळाले, त्याला कशाचे भय वाटत होते, हे समजत नाही. प्रेक्षकाचे हसू त्याला त्या तरुणापासून दूर नेते आणि आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत या समाधानावर आणून सोडते. जमातवादाच्या अभ्यासकाला याच ठिकाणी अडखळावयास हवे. कारण जमातवाद अज्ञानातून उपजतो हे गृहीतक सोयीचे असले तरी अपुरे आहे. सुशिक्षित मध्यमवर्गाने त्याला दिलेला पाठिंबा त्याने स्पष्ट होत नाही.

दुसरे रूप पुजारी लालदास यांच्या मुलाखतीत आढळते. न्यायालयाने नियुक्त केलेले लालदास हे वादग्रस्त जागेतील रामलल्लाचे मुख्य पुजारी होते. त्यांना विचारलेल्या प्रश्नांत कोंडीत पकडण्याचा हेतू नाही. ते सांगतात ते थोडक्यात असे : जेथे देवाची मूर्ती आहे ती वास्तू हिंदू परंपरेनुसार मंदिरच होय, मग तेथे असलेली वास्तू पाडण्याचे प्रयोजन काय? आंदोलनाचा हेतू मते आणि सत्ता मिळविण्याचा आहे, पूजेशी त्याचा संबंध नाही. यातून किती माणसे मरतील याची त्यांना पर्वा नाही. मुसलमान बहुसंख्य असलेल्या प्रदेशांतील हिंदूंचे काय होईल याचाही विचार त्यांनी केलेला नाही.

येथे वक्ता धर्मनिरपेक्ष विचारवंत नाही. तो पूजा करणारा, गळ्यात माळ घातलेला, त्याच मूर्तीची सेवा करणारा साधू आहे. त्याचा युक्तिवाद संविधानाच्या कलमांतून येत नाही. तो पूजाविधी आणि लोकव्यवहार यांतून येतो. त्यामुळे तो श्रद्धाळू प्रेक्षकाला परका वाटत नाही. विधीच्या विद्यार्थ्याला निरुत्तर करणाऱ्या प्रसंगात माहितीपट श्रद्धेच्या बाहेर उभा राहून बोलतो. लालदासांच्या प्रसंगात श्रद्धा स्वतःच स्वतःला प्रश्न विचारते. पहिल्या प्रसंगात प्रेक्षक हसतो, दुसऱ्यात गप्प होतो. या दोन प्रतिक्रियांतील अंतर हेच या माहितीपटाच्या मूल्यमापनाचे माप आहे.

इशारा आणि साक्ष

मार्च १९९२ मध्ये उत्तर प्रदेशातील तत्कालीन शासनाने लालदासांना पुजारीपदावरून दूर केले. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. दरम्यान मशीद पाडली गेली आणि त्यांनी व्यक्त केलेले भय खरे ठरले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते; ४५ जणांची ओळख पटली नाही आणि उर्वरित ५ अन्य होते. पाकिस्तान आणि बांगलादेशात मंदिरांवर व हिंदूंवर हल्ले झाले; लालदासांच्या बोलण्यातील शेवटचा मुद्दाही असा प्रत्ययास आला.

या घटनांनी त्या मुलाखतीचे स्वरूप बदलले. चित्रीकरणाच्या वेळी तो इशारा होता. नंतर ती साक्ष झाली. माहितीपटाच्या माध्यमाचे हे वैशिष्ट्य कादंबरीला किंवा संशोधनग्रंथाला साधणारे नाही. कादंबरीतील पात्राचे भाकीत लेखकाच्या योजनेचा भाग असते. माहितीपटातील माणूस मात्र पुढे काय होणार हे खरोखरच ठाऊक नसताना बोललेला असतो. त्याचा चेहरा, थांबणे, शब्द निवडण्याची रीत यांवर पुढच्या घटनांचा संस्कार नसतो. 'हे कोणालाच कळणे शक्य नव्हते' असे नंतर म्हणणाऱ्यांना ही मुलाखत शांतपणे खोडून काढते. सर्व माहिती असलेला एक माणूस हे बोलला होता, चित्रीकरण झाले होते आणि तरीही ते ऐकले गेले नाही, ही या माहितीपटाची आजची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू होय.

'एकांगी'पणाचा आक्षेप

माहितीपट तटस्थ नाही, हा आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. पटवर्धन तटस्थ असल्याचा दावा करीत नाहीत. निवेदनात त्यांची भूमिका स्पष्ट आहे, घटनाक्रमाची निवडही त्या भूमिकेनुसार आहे. परंतु तटस्थता आणि प्रामाणिकता या भिन्न गोष्टी आहेत. दोन्ही बाजूंना समान वेळ देणे हा वादविवाद स्पर्धेचा नियम आहे; सत्यशोधनाचा नव्हे. माहितीपटाच्या प्रामाणिकतेची कसोटी अशी की, विरोधी पक्षातील माणसाला आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता आले काय, आणि संकलनाने त्याच्या शब्दांचा अर्थ पालटला काय. या कसोटीवर 'राम के नाम' बहुतांशी उतरतो. कारसेवक, महंत आणि नेते येथे आपल्याच भाषेत बोलतात. त्यातील न्यून पक्षपाताचे नाही, अपुऱ्या कुतूहलाचे आहे. आंदोलनाकडे आकृष्ट झालेल्या सामान्य माणसाच्या मनात माहितीपट पुरेसा खोल उतरत नाही.

ही उणीव दिग्दर्शकाच्या पुढील कृतीत काही अंशी भरून निघाली. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध'च्या 'अग्निपरीक्षा' आणि 'हीरो फार्मसी' या दोन भागांत हिंसेमागील मनोव्यापार शोधण्याचा प्रयत्न आहे. १९८७ मधील देवराळा येथील सती प्रकरण, मुंबईच्या दंगली, रस्त्यावर पुरुषार्थवर्धक औषधे विकणारे विक्रेते यांना एका सूत्रात गुंफून, आपण दुबळे ठरू या पुरुषी भयाचे धार्मिक आक्रमकतेत रूपांतर कसे होते, हे तेथे मांडले आहे. सूत्र काही ठिकाणी ताणलेले वाटते. परंतु 'ते असे का वागतात' हा प्रश्न तेथे खऱ्या अर्थाने विचारला गेला आहे.

अन्य वाटा

याच विषयावरील इतर माहितीपटांशी तुलना केल्यास साक्षीचा हा विचार अधिक स्पष्ट होतो. मधुश्री दत्ता यांच्या 'आय लिव्ह इन बेहरामपाडा' (१९९३) या माहितीपटाने दंगलीनंतर बदनाम झालेल्या वांद्रे (पूर्व) येथील मुस्लिमबहुल वस्तीतील रहिवाशांना बोलते केले. वस्तीविषयी पसरलेल्या प्रतिमेचा प्रतिवाद त्यांच्या रोजच्या जगण्याच्या तपशिलांतून होतो. राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्युशन' (२००४) गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारानंतरची परिस्थिती दीर्घ मुलाखतींतून उभी करतो. प्रचारसभांतील भाषा आणि पीडितांचे कथन यांचा शेजार तेथेही आहे. त्याचा प्रभाव तीव्र असला तरी श्रद्धेच्या आतून उमटणाऱ्या नकाराला त्यात तितके स्थान नाही.

अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 'नाता' (२००३) वेगळ्या वाटेने जातो. मुंबईच्या दंगलींनंतर धारावीत सलोख्यासाठी एकत्र आलेले भाऊ कोरडे आणि वकार खान यांच्या मैत्रीभोवती तो रचलेला आहे. येथे हिंसा पार्श्वभूमीवर राहते. शेजारपण पुन्हा जोडण्याचे संथ, अनाटकी काम पुढे येते. दिग्दर्शक स्वतःच्या सांस्कृतिक ओळखीचाही विचार करतात. बोलणारे आणि चित्रीकरण करणारे यांच्यात त्यामुळे फारसे उच्चनीच उरत नाही. 'राम के नाम'मध्ये लालदास एकटे आहेत. 'नाता'मध्ये नकार दोघांचा आहे आणि तो कृतीत उतरलेला आहे. मात्र 'राम के नाम'ने राजकीय सत्तेला जो थेट प्रश्न विचारला, तो 'नाता' विचारत नाही. दोन्ही माहितीपट एकमेकांना पूरक ठरतात ते यामुळेच.

प्रेक्षक कोण?

साक्ष नोंदविली गेली तरी ती ऐकणारा हवा. या माहितीपटांच्या बाबतीत खरा संघर्ष येथे झाला. 'राम के नाम'ला परिनिरीक्षण मंडळाचे 'यू' प्रमाणपत्र मिळाले, सर्वोत्कृष्ट अन्वेषणात्मक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरीही दूरदर्शनने तो दाखविण्यास नकार दिला. अखेर न्यायालयीन लढ्यानंतरच तो प्रक्षेपित झाला. 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध'साठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले; ऑगस्ट २००६ मध्ये न्यायालयाने दूरदर्शनला तो प्रक्षेपित करण्याचा आदेश दिला. सुटी दृश्ये वेगळी काढून नव्हे, तर कृतीचा समग्र परिणाम पाहून निर्णय व्हावा, हे त्या निकालाचे सूत्र कोणत्याही समीक्षकाने मान्य करावे असेच आहे. 'फायनल सोल्युशन'ला २००४ मध्ये प्रथम प्रमाणपत्र नाकारले गेले आणि त्याच वर्षी जनमताच्या दबावानंतर ते देण्यात आले. त्याच वर्षीच्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अनेक राजकीय माहितीपट वगळले गेले, तेव्हा माहितीपटकारांनी 'विकल्प' हा समांतर महोत्सव भरविला.

सामाजिक शांतता बिघडेल, हे नकाराचे नेहमीचे कारण. परंतु नकाराचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला की, हे माहितीपट चित्रपट मंडळे, विद्यापीठे आणि कार्यकर्त्यांच्या बैठका यांतच फिरत राहिले. ते पाहणारा प्रेक्षक बहुधा आधीच सहमत असे. लालदासांचा युक्तिवाद ज्या श्रद्धाळू माणसाला सर्वाधिक समजला असता, त्याच्यापर्यंतच तो पोचला नाही. आज हे माहितीपट आंतरजालावर सहज पाहता येतात. तथापि उपलब्धता म्हणजे प्रेक्षक नव्हे. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांच्या पार्श्वभूमीवरील पटवर्धनांच्या 'विवेक' (२०१८) या माहितीपटाला आम्सटरडॅमच्या महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला. केरळमधील महोत्सवात तो दाखविण्यासाठी मात्र २०१९ मध्ये उच्च न्यायालयात जावे लागले. तीन दशकांनंतरही अडथळ्याचे स्वरूप फारसे बदललेले नाही.

या संदर्भात महाविद्यालयाचे स्थान महत्त्वाचे ठरते. भिन्न मतांच्या घरांतून आलेले विद्यार्थी एका छताखाली बसतात, अशा मोजक्या जागांपैकी ती एक आहे. माहितीपट दाखवून सोडून देणे तेथे पुरेसे नाही. प्रश्न कोणी विचारला, कोणाला विचारला, उत्तरानंतर कॅमेरा किती वेळ थांबला, कोणते दृश्य कशाशेजारी ठेवले, असे वाचन विद्यार्थ्यांकडून करवून घेता येते. प्रेक्षागृहात हशा उमटला त्या क्षणी आपण का हसलो, याची चर्चा तर अवश्य व्हावी. दिग्दर्शकाशी असहमत असलेल्या विद्यार्थ्यालाही अशा वाचनात पूर्ण सहभाग घेता येतो. किंबहुना त्याच्यावाचून ते वाचन अपुरेच राहते.

समारोप

'राम के नाम' निर्दोष नाही. त्यात काही ठिकाणी उपहास आहे आणि आंदोलनातील सामान्य माणसाविषयीचे आकलन मर्यादित आहे. परंतु त्याने एका वृद्ध परंपरेचा, पूजा करणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेला नकार जपून ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतील नव्या मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. वास्तूचा वाद कायद्याच्या दृष्टीने संपला. देवाच्या नावाने माणसे मारली जावीत काय, हा लालदासांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र वास्तूविषयी नव्हताच. त्यामुळे तो त्या निकालाने संपत नाही. मूलतत्त्ववादाविषयीच्या माहितीपटाचे मोल प्रतिपक्षाला किती वेळा निरुत्तर केले यावरून ठरत नाही. ज्याचे बोलणे दोन्हीकडच्या गोंगाटात हरवले असते, अशा माणसासमोर त्याचा कॅमेरा किती वेळ स्थिर राहिला, यावरून ते ठरते.